रिकामी लाइन कुणाच्याच कामाची नाही

नागपुरात सामायिक कार्यालयं आता आयटी पार्कच्या परिसरापुरती राहिलेली नाहीत. धरमपेठ, रामदासपेठ, सदर, मनीषनगर, सगळीकडे जुन्या बंगल्यांचे आणि दुकानांवरचे मजले भाड्याने घेऊन तिथे टेबलं मांडली गेली आहेत. एकाच मजल्यावर जीएसटीची विवरणपत्रं भरणारा सीए बसतो, लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करणारा एडिटर बसतो, ऑनलाइन गणित शिकवणारे सर बसतात, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी मेडिकल कोडर बसते आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलगीही बसते. काम प्रत्येकाचं वेगळं, नेटची लाइन मात्र एकच. या लाइनच्या वाटणीवरून माझ्या माहितीतल्या बहुतेक ठिकाणी वाद पेटलेले आहेत आणि ते फार वाईट पद्धतीने घातले जात आहेत. एक गट म्हणतो, लाइनचे सारखे तुकडे करा आणि प्रत्येकाला आपल्या तुकड्यावर बसवा. दुसरा म्हणतो, जो जास्त भाडं देतो त्याला जास्त वेग द्या. तिसऱ्याला यूट्यूब बंद करून हवं आहे. चौथा म्हणतो, एवढी डोकेफोड कशाला, मोठा प्लॅन घ्या. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण नेमकी टंचाई कधी आणि कशाची असते हे कुणीच विचारत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वाटून द्यायचा तो टंचाईच्या क्षणीचा हक्क. लाइन भरलेली असेल त्या क्षणी प्रत्येक माणसाचा दावा सारखा असावा. तो माणशी मोजावा, यंत्रागणिक किंवा जोडणीगणिक नको (एकच यंत्र इंटरनेटशी एका वेळी अनेक जोडण्या उघडतं). ज्याला आपला वाटा त्या क्षणी नको आहे त्याचा वाटा ज्याला हवा आहे त्याच्याकडे आपोआप जावा; याला मी ‘वाहता वाटा’ म्हणतो. कोण काय पाहतं, कुणाला काय पाठवतं, यात मालकाने डोकावू नये. आणि पैसे मोजून रांगेत पुढे जाण्याची सोय एकाच लाइनवर ठेवू नये. हे सगळं आजच्या अनेक राउटरवर शक्य आहे, म्हणून अडचण तंत्राची आहे असं मी मानत नाही.

सारख्या तुकड्यांची मागणी सगळ्यात लोकप्रिय आहे, म्हणून तिचा हिशेब आधी करू. समजा ५० खुर्च्या आहेत आणि २०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट वाहून नेणारी लाइन आहे (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). माणशी ४ एमबीपीएस. ऐकायला न्याय्य वाटतं. पण दुपारी दोनच्या सुमारास मजल्यावर १२ जणच नेट वापरत असतील, तर त्यांनी कितीही ओढलं तरी ४८ च्या वर काही जाणार नाही. १५२ एमबीपीएस त्या वेळी कुणाच्याही कामाला येत नाहीत, आणि त्याचे पैसे मात्र सगळे भरत असतात. त्याच वेळी एडिटरला १० जीबीची फाइल गिऱ्हाइकाला पाठवायची आहे. ४ एमबीपीएसने तिला साडेपाच तास लागतात. त्या रिकाम्या भागातून त्याला ४० मिळाले असते तर अर्ध्या तासात काम उरकलं असतं, आणि संध्याकाळी सर आपला वर्ग सुरू करायच्या वेळी ही फाइल लाइनवर नसती. म्हणजे त्याला अडवून आपण दुपारी कुणाचंही भलं केलं नाही, आणि संध्याकाळची गर्दी मात्र वाढवून ठेवली. अशा समानतेचा फायदा नक्की कुणाला?

तुकड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो हलका नाही. ठरलेला तुकडा मोजता येतो. चार मिळायला हवेत, मिळाले की नाही हे कुणीही स्पीड टेस्ट करून पाहू शकतो. मालकावर विश्वास ठेवावा लागत नाही. ज्याने आधीच्या ठिकाणी दुसऱ्याच्या डाउनलोडपायी आपले कॉल तुटताना पाहिले आहेत, त्याला ‘वाहता वाटा’ हे शब्द म्हणजे पुन्हा बळी तो कान पिळी असंच वाटणार. त्याची भीती मला समजते. पण मी मांडतो त्या पद्धतीत तळाची हमी तशीच राहते. पन्नासच्या पन्नास जण एकाच वेळी लाइनवर तुटून पडले, तरी प्रत्येकाला ४ मिळतातच. त्याहून कमी लोक असतील तर जास्त मिळतं, इतकाच फरक. कुठल्याही क्षणी, कुठल्याही माणसाला, बंद तुकड्यापेक्षा कमी मिळत नाही.

हे कसं घडतं ते आकड्यांनी पाहू. १०० एमबीपीएसची लाइन आहे, १० जण बसले आहेत. सहा जण कॉलवर आहेत, त्यांना २ पुरतात. दोघांना १० हवे आहेत. उरलेले दोघे मोठ्या फाइली ओढताहेत, त्यांना मिळेल तेवढं हवं आहे. आधी सगळ्यांचा वाटा १० धरा. सहा जण आपले २ घेऊन थांबले, ते झाले १२. दोघांनी १० घेतले, ते २०. उरले ६८, ते शेवटच्या दोघांत ३४-३४. ज्याची गरज लहान त्याची पूर्ण भागली, आणि मोठ्या गरजेच्या दोघांत भेदभाव झाला नाही. शास्त्रात याला कमाल-किमान न्याय म्हणता येईल: ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याचा वाटा जितका वाढवता येईल तितका आधी वाढवायचा, मग पुढच्याचा. हिशेब राउटर करतो, क्षणाक्षणाला करतो, आणि कुणाच्या चेहऱ्याकडे न पाहता करतो.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. संगणक-अभियंता जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच सुचवलं होतं की राउटरने सगळ्यांची एकच रांग न लावता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग ठेवावी आणि आळीपाळीने एकेक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, सोडावं. एक रांग असली की जो जास्त रेटतो त्याला जास्त मिळतं, म्हणजे सभ्यपणे वागणाऱ्यालाच शिक्षा होते, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून बर्कली विद्यापीठापर्यंतच्या, जेमतेम ४०० यार्डांवरच्या लाइनचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. लाइन तुटली नव्हती. प्रत्येक यंत्र आपलं पॅकेट हरवलं असं समजून पुन्हापुन्हा पाठवत होतं आणि सगळी मिळून लाइनचा गळा आवळत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: गर्दीची चाहूल लागताच प्रत्येक यंत्राने स्वतःहून आपला वेग निम्म्यावर आणायचा. आजचं इंटरनेट या स्वेच्छेच्या संयमावर उभं आहे. डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या रांगांच्या वाटपाला पक्कं गणिती रूप दिलं. म्हणजे ‘संयमावर सोडायचं की नियमाने वाटायचं’ हा आपल्या मजल्यावरचा वाद इंटरनेटच्या पोटात चाळीस वर्षांपूर्वीच झाला आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा की संयम हवाच, पण दुसऱ्याच्या संयमाचा फायदा कुणी उपटू नये याची तजवीज रांगेतच असायला हवी.

इथे पहिला खरा अवघड प्रश्न येतो. सारखं म्हणजे कशाच्या बाबतीत सारखं? अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात हाच प्रश्न समाजाविषयी विचारला होता. लाइनच्या बाबतीत तो शब्दशः लागू पडतो. राउटरमध्ये काहीच नियम लावला नाही, तर जेकबसन यांच्या पद्धतीने साधारण प्रत्येक जोडणीला सारखा वाटा मिळतो. माणसाला नव्हे, जोडणीला. डाउनलोडचं सॉफ्टवेअर एका फाइलसाठी १६ जोडण्या उघडतं; शेजारी बसलेल्या मुलीचं व्याख्यान एकाच जोडणीवर चालतं. दोघं ‘समान’, आणि प्रत्यक्षात वाटा १६ आणि १. नागपूरकराला हे समजावायला फार शब्द लागू नयेत: नळाच्या लाइनला टिल्लू पंप लावणाऱ्या घरात पाणी का येतं आणि शेजारच्या घरात का येत नाही, हे उन्हाळ्यात प्रत्येक वस्तीने अनुभवलेलं आहे. इंटरनेट-संशोधक बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये नेमक्या या खोट्या समानतेवर कडाडून टीका केली होती. जोडण्यांना न्याय देऊन माणसांना न्याय मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. यंत्रागणिक वाटणीही तशीच फसवी. ज्याच्याकडे लॅपटॉप, टॅब आणि दोन फोन आहेत त्याला चार वाटे आणि एकाच जुन्या फोनवर अभ्यास करणाऱ्याला एक, हे कुठल्या न्यायाने? म्हणून प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन असावं आणि त्याची सगळी यंत्रं मिळून एक वाटा धरला जावा.

वाय-फायमध्ये तर प्रश्न आणखी खोल जातो, आणि इथे बहुतेक मालक चुकतात. हवेतून एका वेळी एका चॅनेलवर साधारणपणे एकच यंत्र बोलू शकतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की ११ एमबीपीएसने बोलू शकणाऱ्या यंत्रांमध्ये १ एमबीपीएसने बोलणारं एक यंत्र आलं, की सगळ्यांचा वेग त्या हळू यंत्राच्याही खाली जातो. कारण नियम असा होता की प्रत्येकाला पॅकेट पाठवायची सारखी संधी मिळेल. हळू यंत्राला तेच पॅकेट पाठवायला अकरापट वेळ लागतो. संधी सारखी, वेळ मात्र एकट्याने खाल्ला. यावर उपाय आहे, तो म्हणजे हवेतला वेळ सारखा वाटायचा. हळू यंत्राला त्याच्या वेळेत जेवढं जमेल तेवढं मिळेल आणि बाकीच्यांना त्याची शिक्षा होणार नाही. आता कोपऱ्यातल्या खांबाआड ज्याची खुर्ची आहे तो म्हणेल, माझा सिग्नल कमजोर आहे हा माझा दोष आहे का? नाही, त्याचा दोष नाही. पण त्याची भरपाई बाकीच्या ४९ जणांच्या वेळातून करू नये. मालकाने त्या कोपऱ्यात आणखी एक ॲक्सेस पॉइंट लावावा किंवा टेबलाला केबल आणून द्यावी. तो खर्च काही हजारांचा असतो. वाटपाचा प्रश्न आणि बांधकामाचा प्रश्न एकमेकांत मिसळले की दोन्ही सुटत नाहीत.

महाराष्ट्रात वाटपाचा सगळ्यात खोल विचार पाण्यावरून झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिथे पाणी जमिनीच्या मापाने दिलं गेलं नाही. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. ज्यांच्याकडे जमीन जास्त त्यांना पाणी जास्त, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला कुणी रीत म्हणतच नव्हतं. साळुंख्यांनी ती मोडून हक्क डोक्यामागे मोजला. आपल्या मजल्यावर हे तत्त्व जसंच्या तसं लावता येतं. सहा जणांची केबिन घेणाऱ्या कंपनीला सहा वाटे मिळावेत, कारण तिथे सहा माणसं बसतात. केबिनचं क्षेत्रफळ मोठं आहे म्हणून आठ नकोत.

पण इथेच कुणी मला अडवेल, आणि बरोबर जागी अडवेल. पाणी पंचायतीने वाट्यावर पक्की मर्यादा घातली होती आणि ऊसही बंद केला होता. मग आपण पक्की मर्यादा का घालू नये? व्हिडिओ का बंद करू नये? उत्तर पाण्याच्या आणि लाइनच्या स्वभावात आहे. तलावातलं पाणी साठवता येतं. उसाने पावसाळ्यानंतर पिऊन टाकलेलं पाणी मार्चमध्ये ज्वारीला मिळत नाही. म्हणून आजची मर्यादा म्हणजे उद्याची बचत. लाइनचं तसं नाही. दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी रिकामी गेलेली क्षमता सव्वादोनला वापरता येत नाही; ती कायमची गेली. साठवता न येणाऱ्या गोष्टीत बचत म्हणजे निव्वळ नासाडी. म्हणून माणशी महिन्याला इतके जीबी असा कोटा लावणारी ठिकाणं माझ्या मते सगळ्यात चुकीच्या जागी काटकसर करतात. रात्री अकराला, मजला रिकामा असताना, कुणी ५० जीबी ओढले तर सकाळी नऊच्या कॉलचं त्यात काय गेलं? लाइनच्या एकूण मासिक मर्यादेचा प्रश्न असेल तर तो खरा आहे; बऱ्याच घरगुती प्लॅनवर ३३०० जीबीनंतर वेग उतरतो. पण तिथे उपाय म्हणजे कार्यालयाला साजेसा प्लॅन घेणं. घरगुती जोडणी पन्नास जणांत वाटून तिचा कोटा सभासदांच्या माथी मारणं हा उपाय नव्हे.

जास्त पैसे, जास्त वेग या बाजूचा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण तो बोलणारे बहुतेक जण खरोखर अडलेले असतात. व्हिडिओ एडिटरचं पोट अपलोडवर आहे. त्याला काही न मिळता सगळ्यांइतकंच भाडं भरायचं आणि मागे बसलेला मालिका पाहतोय, हे त्याला डाचणारच. शिवाय पैसे मोजायची तयारी ही गरजेची एक खूण आहे हेही खरं. पण पैशाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकत घेता येतात. एक, नवी क्षमता: त्याने स्वतःची लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली वेगळी लाइन) आणावी, मालकाने तिच्यासाठी जागा आणि केबल द्यावी. यात कुणाचं काही जात नाही, उलट सामायिक लाइनवरचा भार कमी होतो. दुसरी, रांगेतली जागा: लाइन तीच, फक्त तो पुढे आणि बाकीचे मागे. पहिलीला माझा पाठिंबा आहे. दुसरीला ठाम विरोध आहे, आणि तो फक्त समतेच्या भावनेतून नाही. पुढची जागा विकायला लागलेल्या मालकाला मागची रांग लांब ठेवण्यात फायदा दिसू लागतो. फ्रान्सच्या ज्यूल द्युपुई या अभियंता-अर्थतज्ज्ञाने १८४९ मध्येच रेल्वेबद्दल हे लिहून ठेवलं आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचे पैसे वाचवण्यासाठी नव्हे. दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. आपल्याकडे ट्रंक कॉलच्या (ऑपरेटरमार्फत लागणाऱ्या बाहेरगावच्या फोनच्या) काळात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन दर होते. ज्याच्या घरी कुणी अत्यवस्थ आहे तो ऑर्डिनरीवर तासन् तास ताटकळायचा आणि व्यापाऱ्याचा भाव विचारणारा लायटनिंग कॉल त्याच्या आधी लागायचा. गरज आणि ऐपत एकच असती तर ही व्यवस्था न्याय्य ठरली असती. ती कधीच एक नव्हती. त्या रांगा अखेर संपल्या त्या क्षमता वाढल्यावर. रांगेचे दर बदलून नव्हे.

याच वाक्याचा आधार घेऊन चौथा गट म्हणेल, तेच तर आम्ही म्हणतोय, मोठा प्लॅन घ्या. भारतात बँडविड्थ स्वस्त झाली आहे हे मान्य. लाइन खरोखर अपुरी असेल तर आधी तीच वाढवावी हेही मान्य. पण लाइन दुप्पट करूनही कॉल तुटत राहिल्याचा अनुभव अनेकांना आहे, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. कॉलला बँडविड्थ लागते किती? नुसत्या आवाजाच्या कॉलला सेकंदाला १०० किलोबिट्सच्या आत काम भागतं. त्याला हवी असते ती तत्परता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा; ४०० च्या पुढे गेला तर संभाषण धड होत नाही, दोघं एकमेकांवर बोलत राहतात. आता १० एमबीपीएसच्या अपलोडवर राउटरमध्ये १ एमबीचा साठा (थांबलेल्या पॅकेटांची जागा, म्हणजे बफर) असेल आणि कुणाच्या तरी फोनने रात्रीच्या लग्नातले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले असतील, तर तो साठा भरतो आणि तुमच्या आवाजाचं पॅकेट त्याच्या मागे उभं राहतं: ८०० मिलिसेकंद. स्पीड टेस्टमध्ये आकडा झकास येतो आणि कॉल मात्र मरतो. संगणक-अभियंता जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाला बफरब्लोट असं नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग साचू न देण्याची युक्ती काढली. ती युक्ती आणि वेगवेगळ्या रांगांची कल्पना यांचा मेळ घालणारी पद्धत त्याच वर्षी लिनक्समध्ये आली, २०१८ मध्ये तिचं अधिकृत टिपणही प्रसिद्ध झालं. तिचं नाव एफक्यू-कोडेल. ती फुकट आहे. तिच्यात कॉलसारखा बारीक प्रवाह आपोआप लवकर सुटतो, कारण त्याची स्वतःची रांग जवळजवळ नेहमी रिकामी असते. तो कॉल आहे हे राउटरला कळावंही लागत नाही. एक काळजी घ्यावी लागते: राउटरला लाइनचा वेग प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी सांगावा, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये लागते, पलीकडे कंपनीच्या यंत्रात लागत नाही. एवढं न करता प्लॅन वाढवला तर मोठी फाइल मोठ्या लाइनलाही भरून टाकते. तिचा स्वभावच मिळेल तेवढं घेण्याचा आहे.

यूट्यूब बंद करा म्हणणाऱ्यांशी मला थोडक्यातच बोलायचं आहे. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. एमपीएससीचे बरेच वर्ग तिथे चालतात. सरांचा स्वतःचा गणिताचा चॅनेल तिथे आहे. कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे ठरवायचा अधिकार मालकाला दिला, की त्याला प्रत्येकाच्या वापरावर नजर ठेवण्याचाही अधिकार मिळतो. आणि त्या मजल्यावर कुणी वकील बसतो, कुणी पत्रकार बसते, कुणी नवी नोकरी शोधत असतो. २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी केली तेव्हा देशभरातल्या लाखो लोकांनी त्या बाजूने लिहिलं होतं. तो नियम सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना लागू आहे, आपल्या मजल्याला नाही, हे मला माहीत आहे. तरी ज्या तत्त्वासाठी आपण सरकारला पत्रं लिहिली ते आपल्याच राउटरवर पायदळी तुडवायचं का? माणशी वाटा नीट लावलेला असेल तर शेजारचा त्याच्या वाट्यात क्रिकेट पाहतो की हिशेबाची खातेवही, याने तुमचं काही अडत नाही. तक्रार करायला जागाच उरत नाही.

माझ्या म्हणण्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो तुकडेवाल्यांच्या जुन्या भीतीशी जुळतो: वाहता वाटा सभासदाला डोळ्यांनी दिसत नाही. मालकाने राउटरमध्ये गुपचूप आपल्या कंपनीला किंवा लाडक्या गिऱ्हाइकाला पुढे ठेवलं तर कळणार कसं? यासाठी मला पुन्हा पाण्याकडेच पाहावंसं वाटतं. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शतकानुशतकं चाललेल्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या रीतीत, शेतकरी स्वतः पाटाचं दार उघडत नाही. लाभधारकांनी मिळून नेमलेला पाटकरी सगळ्यांच्या शेतांना पाणी देतो. त्याला सगळे ओळखतात, आणि तो सगळ्यांना उत्तर द्यायला बांधलेला असतो. राउटरचं तसंच व्हावं. त्याची सेटिंग सभासदांपैकी दोघांना कधीही उघडून पाहता यावी. बदल करायचा तर आधी सगळ्यांना कळवावा. आणि कुठल्या क्षणी किती जण लाइनवर आहेत व माणशी हमीचा वाटा किती पडतो, एवढे दोन आकडे, कुणाचंही नाव न घेता, भिंतीवरच्या एखाद्या पडद्यावर चालू असावेत. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटी भरायच्या दिवशी, सीए मंडळींना काय मिळतंय हे त्यांनाही दिसेल आणि बाकीच्यांनाही.

फड पद्धतीचा आणखी एक नियम मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच आधी कमी केलं जातं. आहे तेवढंच पाणी आणखी पातळ करून सगळीकडे पसरवत नाहीत. सामायिक कार्यालयांत याच्या उलट चालतं: लाइन तीच राहते आणि खुर्च्या विकल्या जातात, कारण खुर्ची विकल्याचे पैसे लगेच येतात आणि पातळ झालेला वाटा कुणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून करारात वेगाचा आकडा लिहून घेण्यात अर्थ नाही. ‘२०० एमबीपीएस इंटरनेट’ हे वाक्य पन्नास जणांनाही खरं आहे आणि दोनशे जणांनाही. लिहून घ्यायचा तो माणशी हमीचा वाटा. २०० च्या लाइनवर शंभरावी खुर्ची विकली गेली की टंचाईच्या क्षणी प्रत्येकाकडे २ एमबीपीएस उरतात, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी जी किमान पातळी ठरवली ती नेमकी इतकीच आहे. त्याच्या खाली जाणारी प्रत्येक खुर्ची विकण्याआधी मालकाने लाइन वाढवली पाहिजे, नाहीतर खुर्ची विकू नये, अशी अट सभासदांनी मिळून घालावी. अपलोडसाठी तोच आकडा वेगळा लिहून घ्यावा, कारण बहुतेक भांडणं अपलोडवरून होतात आणि जाहिरातीत तो आकडा क्वचितच असतो.